नेट गेलं, लाईट गेली, पण गिऱ्हाईक समोर उभं आहे

तुमचा प्रश्न असा: गुहागर तालुक्यात रस्त्याला लागून कोकणमेव्याचं दुकान, मागच्या अंगाला पाच खोल्यांचं होमस्टे आणि हंगामात मुंबई-पुण्याला जाणाऱ्या आंब्याच्या पेट्या. बिलिंग ऑनलाइन सॉफ्टवेअरवर, पैसे बहुतेक यूपीआयने, खोल्यांचं बुकिंग साइटवरून आणि पेट्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर. गेल्या गणपतीत दीड दिवस लाईट नव्हती, नेट दोन दिवस गेलं आणि ऐन चाकरमान्यांच्या गर्दीत शटर अर्धं खाली ओढावं लागलं. आता लाखभर रुपये बाजूला काढलेत. पुण्याचा पुतण्या म्हणतो घरी सर्व्हर, म्हणजे सगळी माहिती सांभाळणारा आपला स्वतःचा संगणक, बसवा, केबलवाला म्हणतो दुसरं कनेक्शन घ्या. यातलं काय घेऊ?

माझं उत्तर: आत्ता दोन्ही नको. तुमच्याच लिहिण्यातलं एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. माल भरपूर होता, माणसं होती, गिऱ्हाईक रोख मोजायला तयार होतं. अडलं कुठे? भाव संगणकात होते, बिल संगणकातूनच निघत होतं आणि काउंटरवरच्या मुलीला त्याशिवाय विकायची मुभा नव्हती. सर्व्हर असता तरी त्या दीड दिवसात तोही बंदच असता. दुसरं कनेक्शन असतं तर बहुधा तेही त्याच खांबावरून गेलं असतं. त्यामुळे पैसे कुठल्या यंत्रावर घालायचे हे नंतर. आधी यंत्र बंद असताना दुकान कसं चालवायचं ते ठरवा.

मी चिपळूण-दापोली पट्ट्यात दुकानं, लॉज, छोटे दवाखाने आणि पतसंस्था यांचे संगणक आणि नेटवर्क बघतो. पुढचं सगळं त्या मापाने सांगतोय. तुमची पतसंस्था असती तर खातेदाराची शिल्लक बघितल्याशिवाय पैसे देता आले नसते, दवाखाना असता तर रुग्णाची जुनी औषधं बघावी लागली असती, आणि सल्ला बराच बदलला असता. तुमचं तसं नाही. कोकम सरबताची बाटली विकायला कुणाची शिल्लक बघावी लागत नाही.

वही घ्या आणि धंद्यातलं एकेक काम लिहून त्याच्यापुढे दोन गोष्टी लिहा: हे काम किती वेळ थांबलं तर चालेल, आणि त्यातल्या किती नोंदी हरवल्या तर चालतील. काउंटरवरचं बिल दहा मिनिटंही थांबून चालत नाही, पण समजा दोन बिलांची नोंद राहिली तर आभाळ कोसळत नाही. आंब्याच्या ऑर्डरीचं नेमकं उलटं. तासभर कुणाला उत्तर दिलं नाही तर चालतं, पण एकही पत्ता हरवून चालत नाही, कारण पैसे आधी आलेले असतात. खोल्यांचं बुकिंग अर्धा दिवस बघितलं नाही तरी चालेल, अट एवढीच की आज-उद्या कोण येणार ते तुमच्या हातात कागदावर आहे. जीएसटीचं विवरण चार दिवस थांबेल. मात्र महिन्याची १९ तारीख असेल तर नाही. कॅमेरे दिवसभर बंद राहिले तर काय बिघडतं ते तुम्हीच ठरवा. हे टिपण कुठल्याही इंजिनिअरला करता येणार नाही, तुम्हालाच करावं लागेल, आणि त्यावरूनच कुठे पैसे घालायचे ते आपोआप दिसतं.

आता आपल्याकडे काय काय बंद पडतं ते बघू. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं, तेव्हा सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले खांब झोपले. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते तर सगळ्यांनी पाहिलं. ही मोठी संकटं. पण रोजच्या धंद्याचा जास्त वेळ खातात त्या बारीक गोष्टी: झाडाची फांदी तारेवर, रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडलेली केबल, विजेच्या कडकडाटात उडालेला ॲडॉप्टर, खाऱ्या हवेने हिरवी पडलेली नेटच्या वायरची पिन, सॉफ्टवेअर कंपनीच्या बाजूने झालेला बिघाड. वादळाची तयारी करणारे पुष्कळ भेटतात. ॲडॉप्टरची तयारी केलेला दुकानदार मला क्वचितच भेटतो.

आणि या गोष्टी एकामागून एक जातात, हे ध्यानात ठेवा. आधी लाईट जाते. मोबाइलच्या टॉवरला बॅटरी असते, ती काही तास टिकते, पुढे डिझेलवर. रस्त्यावर झाडं पडलेली असली की डिझेल पोचत नाही आणि रेंजही जाते. म्हणजे 'लाईट गेली तर मोबाइलचं नेट वापरू' हा बेत संध्याकाळपर्यंतचा आहे. दुसऱ्या दिवसाचा बेत वेगळा हवा.

लाईटपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. तुमच्याकडे १५० ॲम्पिअर-अवरची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे असं लिहिलंय. बारा व्होल्टने गुणलं की कागदावर १८०० वॉट-अवर होतात. इन्व्हर्टरमध्ये थोडं जातं, बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, म्हणून हातात ११०० ते १२०० धरा. आता त्यावर काय काय लावलंय ते मोजा. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १३० वॉट, दोन ट्यूब ४०, पंखा ७०, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी (डीव्हीआर) ४०, राउटर २०. झाले ३००. जेमतेम चार तास मिळतील. तीच बॅटरी ठेवा, डेस्कटॉपच्या जागी ४० वॉटचा लॅपटॉप आणा, एक ट्यूब आणि राउटर चालू ठेवा, बाकी सगळं इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा. ८० वॉट. चौदा तास निघतात, शिवाय लॅपटॉपची स्वतःची बॅटरी वेगळी. म्हणजे दुकानाचे दोन दिवस जवळजवळ पार पडले. त्यामुळे दुसरी बॅटरी घेण्याआधी डेस्कटॉप बदला. फ्रीज इन्व्हर्टरवर टाकायचा मोह आवरा. आंब्याचा रस आणि आइस्क्रीम वाचवायचं असेल तर त्याला छोटा जनरेटर लागतो, तो हिशेब निराळा.

राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे लाईट जाताच क्षणात चालू होणारी बॅटरी, मिळतो, विटेएवढा असतो. तो इन्व्हर्टर असला तरी लावा. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि दिवसात आठ वेळा लाईट ये-जा करत असली की प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं नेट नाही. मुलगी म्हणते नेट सारखं जातंय. नेट कुठेच गेलेलं नसतं.

अर्थिंगबद्दल एक आगंतुक सल्ला. तुमचं दुकान कातळावर आहे असं वर्णनावरून वाटतं. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात खड्डा सुकला की असून नसल्यासारखं. वायरमनकडून मे महिन्यात एकदा मोजून घ्या. आणि दुकानापासून होमस्टेपर्यंत नेटची वायर उघड्यावरून टाकली असेल तर ती काढून तिथे फायबर टाका. तांब्याच्या वायरीतून विजेचा झटका एका इमारतीतून दुसरीत जातो आणि दोन्हीकडची यंत्रं एकदम घेऊन जातो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. फक्त आधाराची लोखंडी तार नसलेली केबल मागा.

आता दुसऱ्या कनेक्शनचं. एका लॉजवाल्याने दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर घेतली होती, महिन्याला दोन्हीचे पैसे भरत होता, आणि दोन्ही एकाच मिनिटाला बंद पडायची. मी केबल धरून चालत गेलो. दोन्ही काळ्या वायरी त्याच्या गेटपासून एकाच बांधणीच्या तारेने एकत्र आवळलेल्या, एकाच खांबावर चढलेल्या, आणि पुढे नाक्यावर दोघांच्या पेट्या शेजारी शेजारी, एकाच मीटरवरून लाईट घेतलेल्या. नाक्यावरची लाईट गेली की दोन्ही कंपन्या मेल्या. त्याने दुसरं फायबर सोडलं आणि दुसऱ्याच दिशेच्या टॉवरवरून नेट घेणारं, मोबाइलचं सिम घालून चालणारं राउटर लावलं, तेही टेकडीकडच्या खिडकीत. तुम्हीही आधी केबल कुठून येते ते डोळ्यांनी बघून या. पाऊण तासाचं काम आहे. दोन मोबाइल कंपन्यांचीही तीच गत असू शकते, कारण पुष्कळ ठिकाणी एकाच टॉवरवर दोघांचे अँटेना असतात. एका कंपनीची रेंज गेल्यावर दुसरीची राहते का, हे गावात विचारलंत तर कुठलाही रिक्षावाला बरोबर सांगेल.

नेटच्या पेटीवरचे दिवे काउंटरवरच्या मुलीला आजच शिकवा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेर केबल तुटली आहे, पेटी बंद-चालू करत बसू नये, केबलवाल्याला फोन करावा. एकही दिवा नसेल तर बहुतेक ॲडॉप्टर गेला. त्याच व्होल्टचा, त्याच ॲम्पिअरचा, त्याच पिनेचा दुसरा ॲडॉप्टर खणात ठेवा. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे आणि गणपतीच्या आदल्या दिवशी ती शृंगारतळीतही मिळेलच असं नाही. सगळे दिवे हिरवे असून नेट नसेल तर भानगड कंपनीच्या आत आहे आणि तुमच्या हातात काही नाही, सिमच्या राउटरवर जा.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: ओटीपी. बिलिंगमध्ये नव्या मोबाइलवरून शिरायचं तर ओटीपी मागतो, बँकेतही ओटीपी, बुकिंगच्या साइटलाही ओटीपी, आणि ते सगळे तुमच्या एकाच सिमवर. तुम्ही पेट्या घेऊन वाशीला गेलेले असता, किंवा नेमकी त्याच कंपनीची रेंज गेलेली असते. नेट दुसरीकडून चालू असतं, पण दार उघडत नाही. जिथे जिथे सोय असेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप लावा, त्याचा कोड रेंज नसतानाही दिसतो. आणि घरातल्या आणखी एका माणसाचं स्वतंत्र लॉगिन करून ठेवा. पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका. पाकिटात घालून, वर सही करून कपाटात ठेवा.

आता मुख्य सामान, आणि ते अगदी स्वस्त आहे. पत्र्याचा एक डबा घ्या. त्यात एक छापील बिलबुक, कार्बनसह. बिलबुकाचे क्रमांक संगणकाच्या बिलांपेक्षा वेगळ्या मालिकेत ठेवा, म्हणजे क्रमांकाआधी 'H/' वगैरे काही अक्षर. जीएसटीच्या नियमांत बिलांच्या एकाहून जास्त मालिका चालतात. वर्षात क्रमांक पुन्हा येता कामा नये आणि तो सोळा अक्षरांच्या आत हवा, एवढंच. तुमच्या सीएंना एकदा सांगून ठेवा म्हणजे मार्चअखेरीस ते दचकणार नाहीत. मग भावपत्रक: प्रत्येक मालाचा भाव, जीएसटीचा दर आणि तुम्ही जास्तीत जास्त किती सूट देऊ देता ते. हे संगणकातून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला छापून जुनं फाडून टाका. आंब्याच्या हंगामात भाव रोज हलतात, तेव्हा त्या ओळी मोकळ्या ठेवून पेन्सिलीने भरा. सोबत साधा कॅल्क्युलेटर, दोन पेनं, टॉर्च, सुट्ट्या पैशांची वेगळी पिशवी आणि फोन नंबरांचा कागद: लाईनमन, केबलवाला, सॉफ्टवेअरवाला, बुकिंग साइटचा मदत क्रमांक, सीए, वायरमन. नंबर मोबाइलमध्ये आहेत हे मला माहीत आहे. मोबाइलची बॅटरी संपलेली असते.

बिलबुकात एक रकाना जादा छापून घ्या: 'पैसे कसे' आणि त्याखाली यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक लिहायला जागा. हा क्रमांक नंतर जुळवाजुळवीत सोन्यासारखा उपयोगी पडतो.

होमस्टेसाठी रोज रात्री आठला, पुढच्या सात दिवसांत कोण येणार, किती माणसं, किती आगाऊ आले, किती बाकी, एवढा एकच कागद छापा किंवा हाताने लिहा. तो डब्यात. पाहुणे दारात उभे आणि आपण मोबाइल वर धरून अंगणात फिरतोय, हे दृश्य कोकणात आता इतकं नेहमीचं झालंय की कुणी हसतही नाही.

डबा कधी उघडायचा, हे ठरलेलं हवं. इथे माझं मत ठाम आहे: दहा मिनिटं. बिल निघत नाही असं दिसल्यापासून दहा मिनिटांनी मुलीने कुणालाही न विचारता बिलबुक काढायचं. मालकाला फोन लागेपर्यंत थांबायचं नाही. पुष्कळ दुकानांत खरा वेळ जातो तो 'आत्ता येईल, आत्ता येईल' यात, आणि हाताखालच्या माणसाला आपण चुकलो तर ओरडा बसेल ही धास्ती असते. हा अधिकार तुम्ही तिला सगळ्यांसमोर देऊन टाका. १९ जुलै २०२४ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका दिवसात आडवे झाले, तेव्हा आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देऊन विमानं सोडली. कोरे कागद आणि लिहायची परवानगी असली की विमानसुद्धा उडतं, मग आंबावडीचं काय घेऊन बसलात.

पैशांकडे वळू. यूपीआय बंद पडणं आता नवीन राहिलेलं नाही. २०२५ मध्ये २६ मार्चला आणि पुन्हा १२ एप्रिलला, म्हणजे ऐन आंब्यात, देशभर व्यवहार अडकले होते. त्याला तुमच्या हातात उपाय नाही, रोख हाच उपाय. पण कधी कधी एकच बँक अडकते. जुलै २०२४च्या शेवटी लहान बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार तात्पुरते तोडले गेले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. तुमचं खातं गावातल्या बँकेत आहे ते राहू दे, पण दुसऱ्या मोठ्या बँकेतलं एक खातं आणि त्याचा क्यूआर डब्यात ठेवा. रोज मांडू नका, नाहीतर हिशेबाचा गुंता होईल.

गिऱ्हाईक म्हणतं पैसे कट झाले आणि तुमच्याकडे आवाज आला नाही, तेव्हा काय करायचं? स्क्रीनशॉटवर माल द्यायचा नाही, हे पहिलं. खोटे स्क्रीनशॉट बनवणं पोरखेळ आहे. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघा. तिथे नसेल तर गिऱ्हाइकाला नम्रपणे सांगा की रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला न पोचलेली यूपीआय रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, उशीर झाला तर बँक दिवसाला १०० रुपये भरपाई देणं लागते. हे छापून काउंटरवर लावा. कागदावर नियम दिसला की आवाज खाली येतो. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर बारा आकडी क्रमांक आणि फोन नंबर लिहून माल द्या, तो तुमचा व्यवहार आहे. *९९# ची सोय आहे, ती इंटरनेटशिवाय चालते, पण मोबाइलची रेंज लागतेच, आणि गिऱ्हाइकाने आधी सुरू करून ठेवलेली नसते. तिच्या भरवशावर राहू नका.

माहिती जपण्याबद्दल. तुमचं बिलिंग ऑनलाइन आहे म्हणून बॅकअपची गरज नाही असं तुम्ही लिहिलंय. ते अर्धंच खरं आहे. कंपनीकडे तुमची माहिती आहे, पण कंपनीच बंद असेल, किंवा वर्गणी भरायची राहिली म्हणून लॉगिन अडवलं असेल, तर? आठवड्यातून एकदा विक्री, माल आणि ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या. ऑर्डरींचं तर रोज. व्हॉट्सॲप ऑक्टोबर २०२१मध्ये सहाएक तास आणि पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला, भर दिवाळीत, दोनेक तास बंद होतं. ज्यांच्या फराळाच्या ऑर्डरी फक्त चॅटमध्ये होत्या त्यांनी ते दोन तास कसे काढले ते त्यांनाच विचारा. आंब्याची ऑर्डर आली की नाव, पत्ता, पेट्या, पैसे असं वहीत किंवा शीटमध्ये तिथल्या तिथे चढवायचं. चॅट फक्त बोलण्यासाठी.

बॅकअप कुठे ठेवता हेही बघा. चिपळूणच्या पुरानंतर माझ्याकडे जे संगणक आले, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे बॅकअप होता. पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात, बाहेरची हार्ड डिस्क त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर. सगळं एकाच चिखलात. एका औषधाच्या दुकानाची मात्र वर्षभराची खरेदी-विक्री शाबूत राहिली, कारण मालकीणबाई दर शनिवारी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून उंचावरच्या घरी न्यायच्या. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक गावाबाहेर, असा आमच्या धंद्यातला जुना दंडक आहे. तुमच्यापुरतं सांगायचं तर एक ऑनलाइन, एक लॅपटॉपवर आणि एक पुतण्याकडे पुण्यात. पुतण्याचा उपयोग इथे आहे. आणि महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल खरंच उघडून बघायची. न उघडलेला बॅकअप हा नुसता अंदाज असतो. पाण्यात गेलेली हार्ड डिस्क कधी हाती आलीच तर ड्रायरने सुकवू नका, लावूनही बघू नका. तशीच पिशवीत घालून जाणकाराकडे द्या. चालू करून बघणाऱ्यांचंच जास्त नुकसान होतं.

लाईट-नेट परत आल्यावरचा भाग सगळे विसरतात. दोन दिवसांची चाळीस हातबिलं पडलेली असतात, आणि मुलीला नव्या गिऱ्हाइकांची बिलंही करायची असतात. एकाने बिल वाचायचं, दुसऱ्याने संगणकात चढवायचं, आणि चढवलं की हातबिलावर 'नोंद झाली'चा शिक्का. हातबिलाचा क्रमांक संगणकातल्या शेऱ्यात लिहायचा. तारीख मूळची ठेवायची, चढवल्याची नाही. मग गल्ला मोजा, बँकेच्या यादीशी बारा आकडी क्रमांक जुळवा, शेवटी शिल्लक माल मोजा. फरक निघेल. शे-दोनशेचा असेल तर लिहून ठेवून सोडून द्या, त्यासाठी रात्र जागवू नका. बुकिंगच्या साइटवर मात्र सगळ्यात आधी जा. दोन दिवसांत तिथे आलेलं नवं बुकिंग आणि तुम्ही फोनवर दिलेली खोली एकच असू शकते.

ही सगळी तयारी खरी आहे का ते मे महिन्याच्या शेवटी, मिरगाच्या आधी, एका साध्या मंगळवारी बघा. दुकान उघडं असताना मेन स्विच पाडा आणि एक तास पाडलेलाच ठेवा. तुम्ही स्वतः काउंटरवर थांबू नका, समोरच्या चहाच्या टपरीवर बसा. कॅल्क्युलेटरचे सेल गेलेले निघतील, भावपत्रकात नवा माल नसेल, इन्व्हर्टरवर कुणीतरी मिक्सर लावलेला असेल. त्याच तासात बिलिंगच्या लॅपटॉपची नेटची वायर काढून बघा, सॉफ्टवेअर नेटशिवाय बिल करतं की नाही. पुष्कळ सॉफ्टवेअर करतात आणि नेट आल्यावर आपोआप वर चढवतात, पण ती सोय आधी चालू करावी लागते. तुमचं करत नसेल तर वर्गणी संपताना बदलायचा विचार करा. घरच्या सर्व्हरपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

तर लाखभराचं काय करायचं? आधी डबा, बिलबुक, जादा ॲडॉप्टर आणि राउटरचा यूपीएस. यात दहा हजारही जाणार नाहीत. मग लॅपटॉप. मग अर्थिंग आणि दुकान-होमस्टेमधलं फायबर. मग सिमचं राउटर. उरलेले पैसे ठेवून द्या आणि विम्याची पॉलिसी काढून वाचा: वादळ-पूर त्यात आहे का, संगणक आणि इन्व्हर्टर मालाच्या यादीत लिहिलेत का. पुतण्याचा सर्व्हर घ्यायचाच असेल तर तो खारी हवा, दमट भिंती, मुंग्या आणि पाली यांच्यात कोण सांभाळणार ते आधी ठरवा. एसी, यूपीएस आणि महिन्याकाठी बघायला येणारा माणूस हे सगळं त्याच्याबरोबर येतं. पाच खोल्या आणि एका काउंटरला ते झेपणारं नाही.

दुसऱ्या फायबरवर मी अजून फुली मारलेली नाही. तुमची आत्ताची केबल शृंगारतळीकडून येते की गुहागरकडून, आणि दुसऱ्या कंपनीची पेटी कुठल्या नाक्यावर आहे, एवढं बघून कळवा. वाटा वेगळ्या असतील तर पुढच्या गणपतीच्या आधी घेण्यासारखं आहे.